विजयदुर्गचे कट्टे आणि गर्दीतला अणू

"आजोबा, हेलियमचा शोध विजयदुर्गावर लागला ना?" नातवाने परवा विचारले आणि मी ओशाळलो. मी इतिहासाचा मास्तर, वर्गात हेच रंगवून सांगत आलो होतो. आता नीट वाचून काढले.

१८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होते. नॉर्मन लॉकियर इंग्लंडमध्येच होते. ती पिवळी रेषा त्यांनी ऑक्टोबरमध्ये तिथूनच पाहिली. विजयदुर्गावर ते आले २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. किल्ल्यावरचे 'साहेबाचे कट्टे' त्या वेळचे.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. प्रत्येक मूलद्रव्याच्या प्रकाशात ठरावीक रेषा असतात. त्यातल्या काही जास्त उष्णतेत ठळक होतात, म्हणजे मूलद्रव्यच फुटते, असे लॉकियर वर्षानुवर्षे सांगत होते. ते फारसे कुणाला पटले नाही. ऑगस्ट १९२० मध्ये ते वारले आणि ऑक्टोबरमध्ये मेघनाद साहांचा निबंध छापून आला. मूलद्रव्य फुटत नव्हते, अणूतून इलेक्ट्रॉन सुटत होता! किती तापमानाला, किती दाबाला किती अणूंचे असे होईल, याचे समीकरणच साहांनी दिले. म्हातारा अर्धा बरोबर होता, दोन महिन्यांनी हुकला.

साहांचे गणित मात्र विरळ वायूचे. ताऱ्याच्या पोटात प्रचंड दाटी. आपल्या विरार लोकलमध्ये दाराजवळच्या माणसाला उतरायला स्वतःचा जोर लागत नाही, शेजारचेच उतरवतात! तसा दाटीत शेजारच्या कणांच्या ओढीने इलेक्ट्रॉन कमी ऊर्जेत सुटतो. किती कमी? त्यासाठी १९६६ चे स्ट्युअर्ट-पायट सूत्र सर्रास वापरले जाई.

२०१२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या क्ष-किरण लेसरने ॲल्युमिनियमचा अतिपातळ पत्रा, पसरायला वेळ मिळण्याआधीच, लाखो अंशांना तापवला. किरणांची ऊर्जा थोडी थोडी बदलत, कुठून पुढे चमक येते ते मोजले. इलेक्ट्रॉन सुटायला सूत्रापेक्षाही कमी ऊर्जा पुरत होती. लगेच २०१३ मध्ये इंग्लंडच्या ओरायन लेसरवर दुसरा प्रयोग झाला, तर तिथे जुनेच सूत्र जुळले! तेव्हापासून नवी गणिते, नवे प्रयोग चालूच आहेत.

मला भावले ते हेच. पन्नासेक वर्षे चाललेले सूत्रही त्यांनी मोजून पाहिले. मी मात्र एक ऐकीव गोष्ट कधी तपासली नाही. माझे जुने विद्यार्थी हे वाचत असतील, तर बाळांनो, तेवढी दुरुस्ती करून घ्या.

असो. नातू म्हणतो, कट्टे तरी बघायला जाऊ या. जाऊ की!