इलेक्ट्रॉनिक डेटा इंटरचेंज (ईडीआय) : प्रमाणीकरणातील अडचणी
खरेदी-आदेश, बीजक यांसारखे दस्तऐवज एका कंपनीच्या संगणकातून दुसरीच्या संगणकात ठरावीक साच्यात थेट पाठवण्याची पद्धत. अमेरिकेत १९७९ मध्ये स्थापन झालेल्या समितीने ‘एक्स१२’ हे मानक घडवले. पुढे संयुक्त राष्ट्रांचे ‘एडिफॅक्ट’ आले. तोच खरेदी-आदेश पहिल्यात ‘८५०’, दुसऱ्यात ‘ऑर्डर्स’. डझनाचा संकेत इथे ‘डीझेड’, तिथे ‘डीझेडएन’. खरी अडचण मात्र मानकाच्या आतच आहे. बरेच रकाने ऐच्छिक असल्याने प्रत्येक मोठा खरेदीदार स्वतःची मार्गदर्शिका काढतो आणि छोट्या पुरवठादाराला गिऱ्हाईकागणिक वेगळी जुळणी करावी लागते. हा भार अन्यायाचाच आहे. शिवाय साचा जुळला तरी ‘१० खोकी’ हा संदेश बिनचूक पोहोचतो, पण खोक्यात १२ नग की २४, याच्या दोन्हीकडच्या नोंदी जुळल्या नाहीत तर माल चुकतोच. भारतात १ ऑक्टोबर २०२० पासून जीएसटीच्या ई-बीजकासाठी मोठ्या उद्योगांना एकच साचा सक्तीचा झाला. खरेदी-आदेश त्याबाहेरच राहिले.