शिंदीखान्यात एक तास

मी दारू पीत नाही. तरीही गेल्या हिवाळ्यात इस्लापूरहून हद्द ओलांडून तेलंगणातल्या बोथकडच्या एका गावात गेलो आणि शिंदीच्या दुकानात तासभर बसलो. वर पत्रे, खाली लाकडी बाकं, कडेला मडकी. शिंदीच्या झाडाला शेंड्याजवळ खाच पाडून रात्री मडकं बांधतात. पहाटे उतरवलेला रस गोड लागतो. ऊन वाढेल तसा तो आंबतो आणि नशा धरतो.

म्हातारे दुकानदार हसून म्हणाले, "भाई, तुम्ही तर घेत नाही. मग आलात कशाला?"

आलो होतो इतिहासासाठी. 1956 पर्यंत आमचं इस्लापूर मंडळ आदिलाबाद जिल्ह्यातल्या याच बोथ तालुक्यात होतं. 1948 पर्यंत वर राज्य निजामाचं. त्या राज्यात शिंदीच्या झाडावर कर होता, विक्रीच्या हक्काचा लिलाव होई. आबकारी हे सरकारी उत्पन्नाचं एक मोठं साधन होतं. हा शब्दच दरबारी फारसीतून आपल्याकडे आला.

हैदराबादला आजही सरसकट 'मुसलमानी राज्य' म्हटलं जातं. पण ज्या धर्मात शराब हराम, त्या धर्माच्या राजाचा खजिना शिंदीवरही भरत होता. आमच्या घरात निजामाच्या आठवणी खूप निघत; ही गोष्ट कुणी काढत नसे.

लढणाऱ्यांनी ती बरोबर हेरली होती. 1947 मध्ये स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालील स्टेट काँग्रेसच्या आंदोलनात शिंदीची झाडं तोडण्याचा कार्यक्रम होता. ती कुऱ्हाड कुणाच्या धर्मावर नव्हती, सरकारच्या उत्पन्नावर होती. मात्र त्याच झाडावर चढून पोट भरणाऱ्यांचं काय झालं, हे आपल्या पुस्तकांत सहसा सापडत नाही.

1 नोव्हेंबर 1956 रोजी तालुका फुटला. बोथ आंध्र प्रदेशात गेलं, इस्लापूर मुंबई राज्यात. मुंबईचा 1949 चा दारूबंदी कायदा पुढे मराठवाड्यालाही लागू झाला. झाड तेच, रस तोच. हद्दीच्या दोन बाजूंना कायदे मात्र वेगळे.

दुकानदारांना मी एवढंच सांगितलं, "चाचा, आमचंही गाव याच तालुक्यातलं. जुनं घर बघायला आलो."

त्यांनी माझ्यासाठी शेजारून चहा मागवला.