बॉनेट उघडण्याचा हक्क

मोटारगाडी विकत घेतली की ती आपल्या मालकीची झाली, असे आपण मानतो. पण ती बिघडल्यावर उघडून पाहणे, स्वतः दुरुस्त करणे किंवा ओळखीच्या मेकॅनिककडून दुरुस्त करून घेणे आपल्याला शक्य असते का? की ती घेऊन कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याच्याच दारात जावे लागते? या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक काळात वेगळे मिळाले आहे. ते का बदलत गेले हे पाहताना यंत्रांच्या इतिहासातील काही महत्त्वाच्या गोष्टी हाती लागतात.

सुरुवातीला विक्रेता नव्हता आणि गॅरेजही नव्हते. १८८८ सालच्या ऑगस्ट महिन्यात बर्था बेंझ या बाईंनी आपल्या दोन मुलांना बरोबर घेतले आणि पती कार्ल बेंझ यांनी बनवलेल्या तीनचाकी मोटारीतून जर्मनीतील मानहाइम ते फोर्त्सहाइम असा सुमारे १०० किलोमीटरचा प्रवास केला. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती त्यांनी टोपीच्या पिनेने साफ केली. उघडी पडलेली विजेची तार मोज्याच्या पट्ट्याने गुंडाळली. इंधन संपले तेव्हा वीसलोख गावातल्या औषधाच्या दुकानातून लिग्रॉइन नावाचा द्रव घेतला. साखळी लोहाराने नीट केली. ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले, तेव्हा त्यांवर मोच्याकडून चामडे बसवून घेतले. हे तपशील पुढे कुटुंबीयांच्या आठवणींतून आपल्यापर्यंत आले आहेत. गाडीतली प्रत्येक गोष्ट गावातल्या कोणा ना कोणा कारागिराच्या ओळखीची होती, म्हणून हा प्रवास पुरा झाला.

या सोयीला एक मर्यादा होती. त्या काळी गाडीचे भाग कानशीने घासून एकमेकांत बसवले जात. एका गाडीचा पिस्टन त्याच कारखान्यातल्या दुसऱ्या गाडीत बसेलच अशी खात्री नसे. तुटलेल्या भागाच्या जागी नवा भाग बसवायचा, तर तोही कुशल माणसाने घासूनच बसवावा लागे. अशी दुरुस्ती सामान्य मालकाच्या आवाक्याबाहेरची होती.

ही अडचण दूर झाल्याचा जाहीर पुरावा १९०८ साली इंग्लंडमध्ये मिळाला. ब्रुकलंड्स येथील शर्यतीच्या मार्गावर रॉयल ऑटोमोबाइल क्लबने अमेरिकन कॅडिलॅक कंपनीच्या तीन मोटारी पूर्णपणे खोलल्या. सगळे भाग एकत्र मिसळले. त्यांतले ८९ भाग बाजूला काढून त्यांच्या जागी विक्रेत्याच्या साठ्यातले भाग घातले. मग मेकॅनिकांनी फक्त पाने आणि स्क्रू-ड्रायव्हर वापरून या ढिगातून पुन्हा तीन मोटारी उभ्या केल्या. कानस वापरायला परवानगी नव्हती. तिन्ही गाड्या सुरू झाल्या आणि ५०० मैल धावल्या. या कामगिरीबद्दल कंपनीला ड्यूअर करंडक मिळाला.

यामागचे तत्त्व मोजमापाचे होते. कोणताही भाग अगदी अचूक मापाचा बनत नाही, थोडा फरक राहतोच. तो किती चालेल याची मर्यादा आधी ठरवायची आणि प्रत्येक भाग त्या मर्यादेत आहे की नाही हे गेजने तपासायचे, अशी ही पद्धत होती. त्यामुळे हाताचे कसब मापनात उतरले आणि पाना फिरवता येणारा कोणीही भाग बदलू शकेल अशी स्थिती आली.

तिचा सर्वांत मोठा फायदा त्याच वर्षी बाजारात आलेल्या फोर्ड कंपनीच्या 'मॉडेल टी' गाडीच्या मालकांना झाला. १९०८ ते १९२७ या काळात अशा दीड कोटी गाड्या तयार झाल्या. सुरुवातीला ८५० डॉलरच्या आसपास असलेली किंमत १९२५ पर्यंत सर्वांत स्वस्त प्रकारासाठी २६० डॉलरवर उतरली. अमेरिकेतील शेतकऱ्यांनी ही गाडी मोठ्या संख्येने घेतली. १९२० च्या जनगणनेत तेथील तीस टक्के शेतांवर मोटार होती, पण घरात नळाचे पाणी मात्र जेमतेम दहा टक्के शेतकऱ्यांकडे होते.

हा शेतकरी शहरातल्या विक्रेत्यापासून दूर राहत असे, त्यामुळे गाडी त्यालाच सांभाळावी लागे. गाडीची रचनाही तशी होती. इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, बोल्ट काढून वेगळा करता येई. त्यामुळे आत साचलेली काजळी खरवडणे आणि व्हॉल्व्ह घासून बसवणे घरच्या घरी होई. पेट्रोल टाकीतून गुरुत्वाकर्षणानेच कार्ब्युरेटरकडे येई. फार थोड्या सुरुवातीच्या गाड्या सोडल्या, तर पाण्यालाही पंप नव्हता. गरम झालेले पाणी हलके होऊन वर रेडिएटरमध्ये जाई, तेथे थंड होऊन खाली इंजिनाकडे परत येई. चंचुपात्रातले पाणी तापवताना आपण विद्यार्थ्यांना जे अभिसरण दाखवतो, तेच हे. पंपच नसल्याने तो बिघडण्याचा प्रश्न नव्हता. कंपनी मालकाला जे माहितीपुस्तक देई, तेही प्रश्नोत्तरांच्या रूपात, सोप्या भाषेत लिहिलेले असे. पुष्कळ शेतकरी मागचे चाक जॅकवर उचलून त्याला पट्टा जोडत आणि लाकूड कापायची करवत चालवत. गाडीचे अंतरंग त्यांना माहीत होते, म्हणूनच हा वापर त्यांना सुचला.

अर्थात त्या काळाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. हॅण्डल मारून इंजिन सुरू करताना उलटा झटका बसला की मनगट मोडे. तेल, ग्रीस आणि व्हॉल्व्ह यांकडे सतत लक्ष द्यावे लागे. १९१२ पासून कॅडिलॅक गाडीत विजेचा स्टार्टर आला, पुढे गाड्या अधिक सुखकर आणि अधिक गुंतागुंतीच्या झाल्या. त्याबरोबर विक्रेत्याच्या कार्यशाळेचे महत्त्व वाढत गेले. कंपनीची दुरुस्तीपुस्तके आता प्रशिक्षित मेकॅनिकांसाठी लिहिली जात. सामान्य वाचकाला ती उलगडत नसत.

ही उणीव जॉन हेन्स या ब्रिटिश हवाई दलातील अधिकाऱ्याला जाणवली. एडनला असताना त्याने सहकाऱ्याच्या ऑस्टिन-हीली स्प्राइट गाडीचे इंजिन खोलून पुन्हा जोडायला मदत केली आणि त्यातल्या पायऱ्यांची छायाचित्रे घेतली. १९६६ मध्ये त्याचे या गाडीवरील पुस्तक निघाले. पहिल्या ३००० प्रती तीन महिन्यांच्या आत संपल्या. पुढे शेकडो गाड्यांवर अशी पुस्तके निघाली. आधी गाडी खोलायची, पुन्हा जोडायची आणि जे प्रत्यक्ष केले तेच लिहायचे, ही त्यांची शिस्त होती. प्रयोगवहीची शिस्त याहून वेगळी नसते.

आपल्याकडे याच काळात रस्त्यावर मुख्यतः उत्तरपाड्याची ॲम्बॅसडर आणि मुंबईत कुर्ल्याला बनणारी फियाट, म्हणजे पुढची प्रीमियर पद्मिनी, या गाड्या होत्या. रचना वर्षानुवर्षे फारशी बदलली नाही, म्हणून तिची माहिती नाक्यावरच्या मेकॅनिकपासून टॅक्सीचालकापर्यंत सर्वांकडे पोचली. ती कोणत्याही पुस्तकात नव्हती. उस्तादाच्या हाताखाली राबणाऱ्या पोरांनी ती पाहून पाहून आत्मसात केली होती.

मग संगणक गाडीत का शिरला? त्याचे मुख्य कारण हवेच्या प्रदूषणात सापडते. लॉस एंजेलिसच्या धुरक्यानंतर अमेरिकेत १९७० साली कडक कायदा झाला आणि १९७५ पासूनच्या बहुतेक गाड्यांत धूर शुद्ध करणारे उत्प्रेरक पात्र बसू लागले. त्याच्या सुधारित रूपाला नीट काम करण्यासाठी हवा आणि पेट्रोल यांचे वजनी प्रमाण १४.७ ला १ च्या अगदी जवळ हवे असते. चढ, थंडी आणि वेग सतत बदलत असताना साध्या कार्ब्युरेटरला हे जमेना. म्हणून धुरातला ऑक्सिजन मोजणारा संवेदक आणि त्यावरून इंधन ठरवणारा संगणक आला. हवा स्वच्छ झाली, पण गाडीच्या दुखण्याची माहिती आता संगणकाच्या पोटात गेली. ज्याच्याकडे ती वाचण्याचे साधन, त्याच्याकडेच दुरुस्ती, असे होऊ लागले.

येथे नियमाने मालकाला हात दिला. १९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या सर्व मोटारींत एकाच नमुन्याचे सोळा पिनांचे जोडणीस्थान आणि ठरावीक दोष-संकेत सक्तीचे झाले. 'पी०३०१' दिसले की पहिल्या सिलिंडरमध्ये नीट ज्वलन होत नाही, हे कोणालाही कळू लागले. ब्रुकलंड्सला भागांच्या बाबतीत जे घडले, ते आता माहितीच्या बाबतीत घडले. तरीही सगळीच माहिती खुली झाली नाही. २०१२ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्याच्या मतदारांनी दुरुस्तीच्या हक्काच्या कायद्याला मोठ्या बहुमताने कौल दिला. २०२० मध्ये गाडीतून बिनतारी जाणाऱ्या माहितीबद्दलही त्यांनी तसाच कौल दिला, तेव्हा कंपन्या न्यायालयात गेल्या.

भारतातही हा वाद झाला. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना एकूण २५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. मूळ सुटे भाग आणि दोष शोधण्याची साधने स्वतंत्र गॅरेजवाल्यांना मिळू दिली जात नाहीत, हा त्यांच्यावरचा मुख्य ठपका होता. बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नये, असेही आयोगाने बजावले. या निर्णयाविरुद्ध काही कंपन्यांनी दाद मागितली. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी एक संकेतस्थळ सुरू केले, त्यात वाहनांचाही समावेश होता.

कंपन्यांचे म्हणणे अगदीच निराधार नाही. चुकीच्या हाताने ब्रेक किंवा एअरबॅग उघडली तर जीव जाऊ शकतो, आणि संगणकाची दारे उघडी ठेवली तर चोरालाही वाट मिळते. पण मालकाने ब्रेकला हात लावू नये असे म्हणणे आणि ब्रेक कसा चालतो हे त्याला कळूच नये अशी व्यवस्था करणे, यांत मोठे अंतर आहे.

शाळेत या विषयाची सुरुवात सायकलपासून करता येईल. मागच्या चाकाचा ॲक्सल मुलांना खोलू द्या. छर्रे मोजायला, ग्रीस भरायला आणि चाक पुन्हा जोडायला सांगा. मग छर्रे कोणत्या मापाचे आहेत आणि दुसऱ्या सायकलचे छर्रे यात चालतील का, ते पाहायला सांगा. वरच्या वर्गातल्या मुलांना जवळच्या गॅरेजात नेऊन दोष-संकेत कसा वाचतात ते दाखवता येईल. कोणती माहिती मिळते आणि कोणती मिळत नाही, हेही तेथे विचारायला सांगावे. मेकॅनिक जी उत्तरे देईल, ती टिपून वर्गात त्यांवर चर्चा घ्यावी.