मुलांच्या अंगावरून जाणारें वारें

‘अंगावरून वारें गेलें’ हे शब्द मराठी घरांत कानीं पडले कीं डोळ्यांपुढें एखादे वृद्ध गृहस्थ उभे राहतात. तोंड एका बाजूस वांकडें झालेलें, एक हात लुळा पडलेला, बोलणें अडखळणारें. या आजाराला पक्षाघात म्हणतात, आणि तो उतारवयाचा सोबती आहे अशी सर्वांचीच समजूत असते. पांच वर्षांच्या मुलाच्या अंगावरून वारें गेलें असें कोणी सांगितलें, तर ऐकणाराचा विश्वास बसत नाहीं. परंतु पक्षाघात मुलांनाही होतो. तान्ह्या बालकांना होतो. फार काय, जन्माला येण्यापूर्वीं आईच्या उदरांतही होतो. आश्चर्य असें कीं, ही गोष्ट वैद्यकाच्या दृष्टीस पडलीच नव्हती असें नाहीं. ती पुनःपुन्हां दिसली, पुनःपुन्हां लिहून ठेवली गेली, आणि प्रत्येक वेळीं निराळ्याच नांवाखालीं दडून राहिली.

प्राचीन ग्रीसमधील हिपोक्रेटीसच्या नांवावर असलेल्या सूत्रसंग्रहांत हा आघात मुख्यतः चाळीस ते साठ या वयांत होतो असें सांगितलें आहे. अनुभवास धरून तें ठीकच होतें. पण अनुभवाचें सूत्र झालें, सूत्राचा नियम झाला, आणि नियमांत न बसणारा रोगी नजरेआड होऊं लागला. भारतांत आयुर्वेदानें पक्षाघाताची गणना वातव्याधींत केली. लोकभाषेंतील ‘वारें’ हा शब्द त्याच विचाराचा वारसा होय. याच परंपरेंत वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’च्या उत्तरस्थानांत बालग्रहांचें प्रकरण आहे. स्कंदग्रहानें पछाडलेल्या बालकाचीं लक्षणें सांगतांना एका डोळ्यांतून पाणी गळणें, डोकें वारंवार हलविणें यांबरोबरच शरीराची एक बाजू निकामी होणें हेंही तेथें नोंदलेलें आहे. तेवढ्यावरून त्या बालकास आजचा पक्षाघातच झाला होता असें ठामपणें म्हणणें धाडसाचें होईल. तथापि मुलाची एक बाजू जाते, हें पाहणारा डोळा त्या काळींही होता, एवढें खास. मोठ्या माणसाची बाजू गेली तर तो वात, आणि मुलाची गेली तर तो ग्रह, असा मात्र भेद पडला.

वात आणि ग्रह यांच्या पलीकडे जाऊन मेंदूंत नेमकें काय घडतें याचा शोध युरोपांत सतराव्या शतकांत लागला. स्वित्झर्लंडमधील शाफहाउझेन येथील योहान याकोब वेप्फर या वैद्यानें या रोगानें दगावलेल्यांचीं शवें तपासलीं, आणि मेंदूंत रक्तस्राव झाल्यानें हा आघात होऊं शकतो, असें १६५८ सालीं दाखवून दिलें. पुढें १६६४ सालीं इंग्लंडांत टॉमस विलिस यानें मेंदूच्या तळाशीं असलेल्या रक्तवाहिन्यांच्या कड्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्या ग्रंथांतील चित्रांस ख्रिस्टोफर रेन या विख्यात वास्तुशिल्पज्ञाचा हात लागलेला आहे. मेंदूस रक्ताचा पुरवठा अखंड लागतो. वाहिनी तुंबली किंवा फुटली कीं त्या भागाचें काम तत्काळ थांबतें. आणि मज्जातंतूंची वाट एका बाजूकडून दुसऱ्या बाजूस जात असल्यामुळें डाव्या मेंदूस इजा झाली कीं उजवा हात-पाय लुळा पडतो. या व्यवस्थेंत वयाचा कोठेंही संबंध नाहीं. जी वाहिनी आजोबांची तुंबते, ती नातवाचीही तुंबूं शकते.

एकोणिसाव्या शतकांत मुलांच्या लुळेपणाकडे वैद्यांचें लक्ष खऱ्या अर्थानें वळलें. लंडनचा विल्यम जॉन लिटल हा स्वतः लहानपणच्या आजारानें एका पायानें अधू झालेला होता. १८६१ सालीं त्यानें असें प्रतिपादन केलें कीं, अवघड बाळंतपण, अपुरे दिवस आणि जन्मतांना श्वास कोंडणें यांमुळें मुलांचीं अंगें आंखडून राहतात. १८८९ सालीं विल्यम ऑस्लर यानें फिलाडेल्फियांतील १५१ मुलांची हकीकत ग्रंथरूपानें मांडली. त्यांपैकीं १२० मुलांची एकच बाजू गेलेली होती. १८९१ सालीं व्हिएन्नांत सिग्मंड फ्रॉइड यानें ऑस्कर री याच्यासह मुलांच्या एकांगी लुळेपणावर एक ग्रंथ लिहिला. मनोविश्लेषणामुळें जगभर गाजलेला हाच तो फ्रॉइड; त्या काळीं तो मुलांच्या एका रुग्णसंस्थेंत मज्जाविकारांचा विभाग पाहत असे. लिटलशीं त्याचा मतभेद झाला. अवघड बाळंतपण हें पुष्कळदां कारण नसून, गर्भांतच झालेल्या बिघाडाचें तें लक्षण असावें, असें त्याचें म्हणणें होतें.

या थोर माणसांचें निरीक्षण सूक्ष्म होतें. परंतु त्यांच्यापुढें मूल येई तें बहुधा आघात होऊन गेल्यानंतर, कित्येकदां वर्षांनंतर. जिवंत माणसाच्या मेंदूंत डोकावण्याचें साधन नव्हतें. त्यामुळें वर्गीकरण झालें तें परिणामाचें. मुलाचा हात कायमचा वांकडा राहिला म्हणजे त्या अवस्थेला नांव मिळे. ज्या घटकेस तो हात निकामी झाला, त्या घटकेस मात्र नांव नव्हतें. जिला नांव नाहीं तिच्यासाठीं धांवपळ कोण करणार?

ही अडचण विसाव्या शतकांत हळूहळू दूर झाली. १९१० सालीं शिकागोच्या जेम्स हेरिक यानें विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशींचें वर्णन केलें. हा सिकलसेलचा आजार होय. त्यांत मेंदूच्या वाहिन्या अरुंद होऊन लहान मुलांना पक्षाघात होतो, हें पुढें ध्यानांत आलें. जपानांत १९५७ पासून एका विलक्षण विकाराची नोंद होऊं लागली. त्यांत मेंदूच्या मोठ्या वाहिन्या आवळत जातात आणि त्यांच्याभोंवतीं बारीक वाहिन्यांचें जाळें माजतें. क्षकिरणचित्रांत तें धुराच्या लोटासारखें दिसतें, म्हणून १९६९ सालीं त्यास ‘मोयामोया’ हें जपानी नांव मिळालें. १९७१ सालीं लंडनमध्यें हाउन्सफील्डच्या सीटी यंत्रानें पहिल्या रुग्णाच्या मेंदूचें चित्र घेतलें, आणि कवटी न उघडतां आंतील इजा दिसूं लागली. त्यानंतर चुंबकीय यंत्र आलें, आणि शंकेला जागा उरली नाहीं.

आतां कारणेंही स्पष्ट झालीं आहेत. मोठ्यांच्या बाबतींत रक्तदाब, मधुमेह, तंबाखू यांना दोष जातो; मुलांच्या बाबतींत हृदयांतील जन्मजात व्यंग, सिकलसेल, मानेला बसलेला मार, कांजिण्यांनंतर वाहिन्यांस येणारी सूज, क्षयजन्य मेंदूज्वर अशीं कारणें आढळतात. जन्माच्या सुमारास होणारा पक्षाघात तर अंदाजें साडेतीन हजार जन्मांमागें एका बालकास होतो. त्याची खूण पुष्कळदां चार-सहा महिन्यांनीं दिसते: बाळ खुळखुळा एकाच हातानें घेतें, दुसरी मूठ मिटलेलीच राहते. घरचीं माणसें कौतुकानें म्हणतात, ‘डावखुरें निघणार!’ वास्तविक पहिल्या वाढदिवसापूर्वीं बालकानें एकच हात पसंत करणें ही कौतुकाची नव्हे, तपासणीची गोष्ट आहे.

यंत्रें आलीं, कारणें कळलीं; तरी जुनी समजूत हटली नाहीं. कॅनडांत २००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत, मुलास पक्षाघात झाल्यापासून निदान होईपर्यंत सर्वसाधारणपणें जवळजवळ एक दिवस जातो, असें आढळलें. मोठ्यांना दिलें जाणारें गुठळी विरघळविण्याचें औषध साडेचार तासांच्या आंत द्यावें लागतें. तेंच औषध मुलांवर पारखण्यासाठीं अमेरिकेंत सुरू झालेला एक प्रयोग पुरेशीं मुलें न मिळाल्यानें २०१३ सालीं बंद करावा लागला. तथापि त्याच्या तयारींतूनच कित्येक रुग्णालयांत मुलांच्या पक्षाघातासाठीं अहोरात्र सज्ज पथकें उभीं राहिलीं.

वेळींच ओळखलें तर काय साधतें, याचें उदाहरण सिकलसेलनेंच घालून दिलें. कानशिलावर ध्वनिलहरींचें लहानसें उपकरण धरून मेंदूच्या वाहिन्यांतील रक्ताचा वेग मोजतां येतो. तो वेग फार वाढलेल्या १३० मुलांवर अमेरिकेंत एक प्रयोग झाला. निष्कर्ष १९९८ सालीं प्रसिद्ध झाले. नेहमींचे उपचार मिळालेल्या ६७ मुलांपैकीं ११ जणांना पक्षाघात झाला. नियमित रक्त दिलेल्या ६३ मुलांपैकीं केवळ एकास. फरक इतका स्पष्ट कीं, प्रयोग मुदतीपूर्वींच थांबवून सर्वांना तो उपचार देऊं केला गेला. विदर्भांत आणि नंदुरबारकडे सिकलसेल घरोघर ठाऊक आहे, आणि भारत सरकारनें २०२३ सालीं त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम हातीं घेतली. त्यामुळें या प्रयोगाचें मोल महाराष्ट्रास अधिकच आहे.

मुलाचा चेहरा अचानक एका बाजूस ओढला जाणें, एक हात किंवा पाय लुळा पडणें, बोलणें बंद होणें, आकडी येऊन गेल्यावर एक बाजू न हलणें, एकाएकीं कधीं न उठलेली असह्य डोकेदुखी होणें: यांपैकीं एकही दिसल्यास घड्याळाकडे पाहून वेळ लक्षांत ठेवावी, तोंडानें कांहींही देऊं नये, आणि मुलास तत्काळ मोठ्या रुग्णालयांत न्यावें. ‘झोपूं द्या, सकाळीं पाहूं’ हें वाक्य अशा वेळीं फार महाग पडतें. तेथें गेल्यावर ‘हा पक्षाघात तर नसेल?’ असें विचारण्यास आईबापांनीं संकोचूं नये.

‘अष्टांगहृदया’च्या कर्त्यानें एक बाजू गेलेलें मूल पाहिलें आणि प्रामाणिकपणें लिहून ठेवलें, त्याच्यापाशीं उपाय नव्हता. आज उपाय आहे. उणीव आहे ती, लहानग्याच्या अंगावरूनही वारें जातें, हें घराघरांत ठाऊक असण्याची.