निनावीपणाची परिभाषा : आंतरजालावरील काही इंग्रजी संज्ञांचा इतिहास

आंतरजालावरील गुप्त व्यवहारांसंबंधी आज जी इंग्रजी परिभाषा प्रचारात आहे, ती एका काळी, एका हेतूने अथवा एका वर्गाकडून निर्माण झालेली नाही. ‘ॲनॉनिमिटी’, ‘स्यूडॉनिम’, ‘अनियन राउटिंग’, ‘डीप वेब’, ‘डार्कनेट’ आणि ‘डार्क वेब’ या संज्ञा अभ्यासकाच्या कानावर बहुधा एकदमच पडतात. त्यामुळे त्या एकाच अर्थाच्या निरनिराळ्या छटा असाव्यात, असा समज होतो. वस्तुतः यांपैकी काही संज्ञा गूढलेखनशास्त्रज्ञांनी, काही माहितीचा शोध घेण्याच्या व्यवसायातील लोकांनी, तर काही वृत्तपत्रांनी रूढ केल्या. त्यांची कालानुक्रमे छाननी केली असता असे दिसते की, प्रत्येक संज्ञा एका वेगळ्या प्रश्नाचे उत्तर म्हणून जन्मास आली. आणि तो प्रश्न विसरला गेला की, शब्द वापरणाऱ्यांची फसगत झाली.

या परिभाषेचा आरंभ आंतरजाल सर्वसामान्यांच्या हाती येण्यापूर्वीच झाला. अमेरिकन गूढलेखनशास्त्रज्ञ डेव्हिड चॉम यांनी १९८१ साली माग न लागणाऱ्या विद्युत्-टपालासंबंधी एक निबंध प्रसिद्ध केला. पत्रातील मजकूर गूढलिपीत घातला तरी कोणी, कोणास व केव्हा लिहिले हे उघडच राहते, ही अडचण त्यांनी त्यात मांडली. तीवर त्यांनी सुचविलेला उपाय म्हणजे ‘मिक्स’, अर्थात अनेकांची पत्रे एकत्र जमवून, त्यांचे बाह्य रूप पालटून व क्रम मोडून ती पुढे धाडणारे मधले यंत्र. याच निबंधाच्या शीर्षकात ‘डिजिटल स्यूडॉनिम’ हाही शब्दप्रयोग आढळतो. म्हणजे निनावी असणे आणि टोपणनावाने वावरणे यांकडे या शास्त्राचे लक्ष प्रथमपासूनच होते.

हा भेद मराठी वाचकास परका नाही. १८४८ पासून ‘प्रभाकर’ पत्रात प्रसिद्ध होत गेलेली शतपत्रे गोपाळ हरि देशमुख यांनी ‘लोकहितवादी’ या नावाने लिहिली. एकाच नावाखाली पत्रामागून पत्र येत गेल्यामुळे त्या नावाला स्वतःची मते व स्वतःचे वजन प्राप्त झाले. सुट्या निनावी पत्रास हे सातत्य लाभत नाही. टोपणनाव म्हणजे नावाचा अभाव नव्हे, तर दुसरे नाव होय. आणि या दुसऱ्या नावापासून मूळ नावापर्यंत पोहोचणारी वाट कोणाच्या तरी माहितीत असू शकते.

या वाटेचे महत्त्व फिनलंडमधील एका प्रसंगाने स्पष्ट झाले. १९९३ मध्ये योहान हेल्सिंगियस यांनी ‘रीमेलर’ म्हणून ओळखली जाणारी एक पत्रप्रेषण सेवा सुरू केली. पाठवणाऱ्याचा पत्ता काढून त्या जागी एक क्रमांक घालावयाचा व आलेले उत्तर त्याच क्रमांकावरून मूळ व्यक्तीकडे पोहोचवावयाचे, अशी तिची रीत होती. लोक तिला निनावी सेवा म्हणत. तथापि उत्तर पोहोचवावयाचे तर क्रमांक व पत्ता यांची नोंदवही ठेवणे अपरिहार्य होते. काटेकोर अर्थाने ही सेवा टोपणनावांची होती, आणि नोंदवही एकाच माणसाच्या स्वाधीन होती. १९९५ मध्ये एका धर्मसंस्थेच्या तक्रारीवरून फिनिश पोलिसांना तीतील एक पत्ता द्यावा लागला; ऑगस्ट १९९६ मध्ये हेल्सिंगियस यांनी सेवाच बंद केली. ज्यांनी ‘ॲनॉनिमस’ या शब्दावर विसंबून लिहिले होते, त्यांची सुरक्षितता प्रत्यक्षात त्या नोंदवहीवर अवलंबून होती.

नोंदवही कोणा एकाच्या हाती राहूच नये, या विचाराची एक परिणती ‘अनियन राउटिंग’मध्ये झाली. अमेरिकेच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेत पॉल सिव्हर्सन, मायकेल रीड आणि डेव्हिड गोल्डश्लाग यांनी १९९५ च्या सुमारास हे काम आरंभिले. संदेशावर गूढलिपीची एकावर एक आवरणे चढवावयाची आणि वाटेतील प्रत्येक यंत्राने एकेक आवरण सोलावयाचे, यावरून कांद्याची उपमा आली. प्रत्येक यंत्रास केवळ मागचा व पुढचा शेजारी ठाऊक असतो; सबंध वाट त्यांपैकी एकासही ठाऊक नसते. ‘टॉर’ हे नाव याच शब्दसमूहाच्या आद्याक्षरांपासून बनले असून ते जाळे २००२ मध्ये कार्यान्वित झाले.

नौदलात जन्मलेले हे साधन सर्वांस खुले का करण्यात आले, याचे उत्तरही परिभाषेतच सापडते. जाळ्याचा उपयोग केवळ नौदल करीत असते, तर त्यातून बाहेर पडणारा प्रत्येक संदेश नौदलाचाच ठरला असता. चॉम यांनी १९८८ मध्ये वापरलेली ‘ॲनॉनिमिटी सेट’ ही संज्ञा नेमकी हीच गोष्ट सांगते. ज्यांच्यातून एखाद्यास वेगळे काढता येत नाही, त्या समुदायाचे हे नाव आहे. आंद्रेआस फिट्झमान व मारिट क्योन्टॉप यांनी २००० साली या क्षेत्राची परिभाषा व्यवस्थित लावण्याचा जो प्रयत्न केला, त्यातही निनावीपणाची व्याख्या अशा समुदायाच्या आधारेच केली आहे. या अर्थाने निनावीपणा हा एकट्याचा गुण नसून गर्दीचा धर्म आहे.

‘डीप वेब’चे कुळ मात्र अगदी वेगळे. मायकेल बर्गमन यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात ही संज्ञा शोधयंत्रांच्या आवाक्याबाहेर राहिलेल्या सामग्रीसाठी योजिली. अशी सामग्री मुख्यतः माहितीकोशांत व सूचींत साठवलेली असे आणि प्रश्न विचारल्यावाचून ती समोर येत नसे. तिचा विस्तार दृश्य आंतरजालाच्या ४०० ते ५५० पट असल्याचा त्यांचा अंदाज होता. यात लपवाछपवीचा संबंध नव्हता. ‘डार्कनेट’ हा शब्द मायक्रोसॉफ्टमधील चौघांच्या २००२ मधील निबंधाने प्रसिद्धीस आणला. तेथे त्याचा रोख स्वामित्वहक्क डावलून होणाऱ्या देवघेवीवर होता. ऑक्टोबर २०१३ मध्ये ‘सिल्क रोड’ या अमली पदार्थांच्या बाजाराच्या चालकास अटक झाली, आणि त्यानंतरच्या वार्तांकनात ‘डीप’ व ‘डार्क’ हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी येऊ लागले. परिणामी ग्रंथसूची व दफ्तरे यांच्या विस्ताराचा बर्गमन यांचा आकडा गुन्हेगारीच्या विस्ताराचा म्हणून सांगितला जाऊ लागला. या घोटाळ्यातून जी भीती उपजली, तिच्या आधारे निनावीपणाच्या साधनांविषयी मते बनू लागली, हे अधिक गंभीर होय.

टॉरच्या कर्त्यांनी आपल्या जाळ्यावरील ‘हिडन सर्व्हिस’ हे नाव पुढे टाकून ‘अनियन सर्व्हिस’ हे नाव स्वीकारले. २०१५ मध्ये ‘अनियन’ हा पत्त्याचा अंत्यभाग आंतरजालाच्या अधिकृत मानकात राखून ठेवण्यात आला. लपण्याकडे निर्देश करणारा शब्द जाऊन रचनेकडे निर्देश करणारा शब्द आला, हा बदल अर्थपूर्ण आहे.

मराठीत या संज्ञा आणताना हाच विवेक ठेवणे अगत्याचे ठरते. ‘काळा बाजार’, ‘काळा पैसा’ या प्रयोगांमुळे ‘काळा’ या विशेषणात निषेध मुरलेला आहे. ‘डार्क’साठी तेच योजिले, तर चौकशीपूर्वीच निकाल दिल्यासारखे होईल. ‘ॲनॉनिमस’ला निनावी, ‘स्यूडॉनिमस’ला टोपणनावी आणि ‘डीप वेब’ला असूचित जाल असे स्वतंत्र प्रतिशब्द ठेवल्यास हे भेद अबाधित राहतील. नाव नाही, नाव दुसरे आहे, की नाव केवळ सूचीत नाही, हे तीन प्रश्न भिन्न आहेत. आणि त्यांपैकी पहिल्या दोहोंतील भेद न ओळखल्याची किंमत माणसांना मोजावी लागते, हे १९९५ च्या फिनलंडमध्ये दिसून आले.