फीचा कागद

नागपूरच्या कोर्टात वकिली सुरू केली तेव्हा आमच्या सीनियरांनी मला आधी रोजकीर्द लिहायला बसवलं, कलमं नंतर. अशिलाचे पैसे एका पानावर, आपले दुसऱ्यावर. कोर्ट फी स्टॅम्पचे उरलेले रुपयेही अशिलाच्याच खाती जमा. तेव्हा मला हा कंजूषपणा वाटे.

या शिस्तीचा इतिहास जुना आहे. नागपूर ज्या मध्य प्रांतात होतं, तिथे 1879 चा वकिलांचा कायदा लागू होता. फीचा करार लेखी हवा, त्यावर अशिलाची सही हवी आणि पंधरा दिवसांत तो कोर्टात दाखल व्हायला हवा. नाहीतर तो रद्द! सरकारचा वकिलांवर विश्वास किती, ते यातून कळतं. 1926 च्या कायद्याने फी खाजगीत ठरवायची आणि थकली तर दावा लावायची मोकळीक दिली.

पण वसुलीत हिस्सा मात्र नाहीच. वसुलीच्या निम्म्या रकमेवर करार करणाऱ्या मुंबईच्या एका वकिलाला 1954 साली सर्वोच्च न्यायालयाने गैरवर्तनाबद्दल दोषी धरलं. निकालात त्याचं नाव फक्त ‘जी’. दंगलीत मेलेल्याच्या वारसांकडून निम्मी भरपाई उचलणारे आजही भेटतात. मला ती उघड लूट वाटते.

बार कौन्सिलच्या नियमांनुसार खर्चासाठी घेतलेली रक्कम अशिलाच्या लेखी संमतीशिवाय फीत वळवता येत नाही. तेव्हा पैसे देताना पावतीवर ‘फी’ आणि ‘खर्च’ वेगळे लिहून घ्या.