पंचवटीतल्या सभागृहाला ज्यांचं नाव आहे, ते पलुसकर कोण?

१० फेब्रुवारी २०२२ ला लता मंगेशकरांच्या अस्थींचं विसर्जन नाशिकच्या रामकुंडात झालं. त्या दिवशी सगळे कॅमेरे गोदाघाटावर होते. त्याच घाटापासून पायी काही मिनिटांवर, इंद्रकुंडाजवळ, आणखी एका गाणाऱ्या माणसाची आठवण उभी आहे. पंडित विष्णू दिगंबर पलुसकर सभागृह. तिकडे कुणाचा कॅमेरा वळण्याचं कारण नव्हतं. नाशिककरसुद्धा 'पलुसकरला कार्यक्रम आहे' असं म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर खुर्च्या आणि पार्किंग येतं, माणूस येत नाही.

काळाराम मंदिर, सीतागुंफा, रामकुंड असा फेरा करणारे हजारो लोक या भागातून रोज जातात. त्यांच्यापैकी अनेकांच्या घरी कपाटात कुणाचं तरी 'मध्यमा पूर्ण' नाहीतर 'विशारद'चं प्रमाणपत्र ठेवलेलं असतं. या परीक्षा ज्या परंपरेतून आल्या, तिची सुरुवात याच पलुसकरांनी केली.

फटाका, मिरज आणि न आलेलं आमंत्रण

विष्णूंचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ चा, कुरुंदवाडचा. तेव्हा ते एक छोटं संस्थान होतं, आता कोल्हापूर जिल्ह्यात आहे. घराण्याचं मूळ आडनाव गाडगीळ. पलूस गावचे म्हणून पलुसकर. वडील दिगंबरबुवा कीर्तनकार, त्यामुळे गाणं घरात होतंच, पण मुलानं गवई व्हावं असं काही ठरलेलं नव्हतं.

ठरवलं ते एका अपघातानं. दत्तजयंतीच्या उत्सवात फटाका तोंडावर उडाला आणि दृष्टी कायमची अधू झाली. शाळेचं शिक्षण संपलं. उपचारासाठी मिरजेला नेलेला हा मुलगा तिथंच बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकायला राहिला. बाळकृष्णबुवा म्हणजे ग्वाल्हेर गायकी महाराष्ट्रात रुजवणारे गायक. ही तालीम १८९६ पर्यंत चालली.

मिरजेतली एक गोष्ट त्यांच्या चरित्रांत हमखास सांगितली जाते. गावातल्या एका समारंभाचं आमंत्रण संस्थानिकांच्या मर्जीतल्या विष्णूला आलं, पण त्याच्या गुरूंना आलं नाही. का, म्हणून विचारलं तर उत्तर मिळालं की ते काय, गवईच. त्या काळात गाणं ऐकायला सगळ्यांना हवं असायचं, पण गाणाऱ्याला पंगतीत शेजारी बसवून घ्यायची तयारी नसायची. दरबाराच्या आश्रयावर जगणारा गवई हुशार असला तरी शेवटी पदरी ठेवलेला माणूस. विष्णूंनी मिरज सोडली त्यामागे हा सल होता असं मानलं जातं, आणि पुढचं त्यांचं काम पाहिलं तर ते पटतं.

राजाच्या पैशाशिवाय शाळा

संस्थानिकांच्या मैफली सोडून त्यांनी तिकीट लावून जाहीर मैफली करायला सुरुवात केली. ज्याच्याकडे तिकिटाचे पैसे असतील त्यानं यावं आणि ऐकावं. आज यात नवल वाटत नाही, पण तेव्हा रागदारी ऐकायची तर बड्या माणसाच्या दिवाणखान्यात प्रवेश लागायचा.

५ मे १९०१ ला लाहोरमध्ये त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढलं. घरापासून इतक्या लांब, परक्या मुलखात, आणि कुणा राजाच्या खजिन्यावर नव्हे तर लोकांच्या वर्गणीवर आणि मैफलींच्या उत्पन्नावर. इथं गाणं वर्गात बसून, ठरलेल्या अभ्यासक्रमानं, पुस्तकांवरून शिकवलं जाई. त्यासाठी पलुसकरांनी स्वतःची स्वरलेखन पद्धत तयार केली आणि पुस्तकं छापली. (पुढे जास्त चालली ती भातखंड्यांची पद्धत. पलुसकरांची बारकाव्यांची होती, त्यामुळे शिकायला अवघड.) काही विद्यार्थ्यांना राहणं-जेवण फुकट देऊन वर्षानुवर्षं तयार केलं जाई, अट एकच की त्यांनी पुढे संगीतशिक्षक व्हायचं. ओंकारनाथ ठाकूर, विनायकबुवा पटवर्धन, नारायणराव व्यास, बा. र. देवधर ही नावं याच शिस्तीतून आली. शिष्यांच्या वागण्या-बोलण्यावर आणि पोशाखावरही बुवांचं लक्ष असे. गवयाकडे बघून कुणी नाक मुरडू नये, एवढाच त्यामागचा हिशोब.

याची दुसरी बाजूही आहे. इतिहासकार जानकी बखले यांनी २००५ च्या पुस्तकात दाखवलं आहे की संगीताला 'प्रतिष्ठित' करण्याच्या या खटपटीत त्याला हिंदू भक्तीचा गडद रंग चढला आणि ज्यांनी हे गाणं पिढ्यान् पिढ्या जपलं ते मुसलमान उस्ताद कडेला गेले. पलुसकरांच्या स्वतःच्या गुरुपरंपरेतच ग्वाल्हेरचे हद्दू खाँ-हस्सू खाँ आहेत, हे लक्षात घेतलं की ही टीका सहज झटकून टाकता येत नाही.

काँग्रेसच्या अधिवेशनांत ते 'वंदे मातरम्' गात. १९२३ च्या काकीनाडा अधिवेशनात अध्यक्ष मौलाना मोहम्मद अली यांनी धार्मिक कारणानं गाण्याला हरकत घेतली, तरी पलुसकरांनी गाणं पूर्ण केलं. गांधीजींच्या प्रार्थनासभांमुळे देशभर पोचलेल्या 'रघुपती राघव राजाराम'ची प्रचलित चालही त्यांच्याच नावावर सांगितली जाते.

मग नाशिक कुठून आलं?

१९०८ मध्ये विद्यालयाची शाखा मुंबईत निघाली. पुढे सँडहर्स्ट रोडवर स्वतःची मोठी इमारत झाली आणि तिथंच घात झाला. इमारत कर्जावर उभी होती. बुवा गावोगाव मैफली करून हप्ते भरत राहिले, पण व्याज पुढे धावत राहिलं. अखेर १९२४ च्या सुमारास इमारतीचा लिलाव झाला. ज्या माणसानं राजाश्रय नाकारून लोकांच्या जोरावर संस्था उभी केली, त्याची वास्तू सावकारीत गेली.

याच दशकाच्या सुरुवातीला त्यांचं मन रामभक्तीकडे वळलं होतं. भगवी वस्त्रं आली, मैफलीच्या जागी रामायणाची प्रवचनं आली. नाशिकला त्यांनी 'रामनाम आधार आश्रम' काढला. पंचवटीचं रामाशी असलेलं नातं पाहता जागेची निवड समजण्यासारखी आहे. गाणं थांबलं नाही. सोबत आलेल्या शिष्यांची तालीम चालूच राहिली, फक्त भोवती आता शहरी विद्यालयाऐवजी आश्रम होता.

२१ ऑगस्ट १९३१ ला मिरजेत ते गेले. एकोणसाठावा वाढदिवस होऊन तीन दिवस झाले होते. म्हणजे ज्या गावात गाणं शिकले आणि जिथून मान मिळवायला बाहेर पडले, शेवट त्याच गावात झाला. त्यांच्या मागे शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. 'प्रारंभिक'पासून 'अलंकार'पर्यंतच्या परीक्षा हे मंडळ घेतं. १९३२ मध्ये विनायकबुवांनी पुण्यात गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. दिल्लीतल्या गांधर्व महाविद्यालयाजवळच्या रस्त्याला विष्णू दिगंबर मार्ग असं नाव आहे. १९७३ मध्ये टपाल खात्यानं त्यांच्यावर तिकीट काढलं.

पंचवटीत गेलात तर

तिथं बाग, समाधी किंवा सेल्फी काढावा असा देखावा शोधू नका. महापालिकेचं सभागृह आहे, त्यामुळे कार्यक्रम असेल तेव्हा जाण्यात खरी मजा. रामकुंडाकडून इंद्रकुंडापर्यंत चालत जाता येतं. पर्वणीच्या किंवा यात्रेच्या दिवशी मात्र गाडी घेऊन या गल्ल्यांत शिरू नये.

जाताना कानात एक ध्वनिमुद्रण असू द्या. पलुसकरांची बहुतेक अपत्यं लहानपणीच गेली. जगलेला मुलगा दत्तात्रेय वडील वारले तेव्हा दहा वर्षांचा होता. पुढे विनायकबुवा आणि नारायणराव व्यासांनी त्याला शिकवलं, आणि तो डी. व्ही. पलुसकर या नावानं देशभर ऐकला गेला. 'बैजू बावरा' (१९५२) मधल्या गाण्याच्या सामन्यात पडद्यामागे एक आवाज उस्ताद अमीर खाँचा आणि दुसरा त्यांचा आहे. २६ ऑक्टोबर १९५५ ला, चौतिसाव्या वर्षी, तेही गेले. मोजकीच ध्वनिमुद्रणं उरली. त्यातली भजनं वडिलांच्या वळणाची आहेत, आणि मोबाइलवर सहज सापडतात.